ज्या वयाला जो घोर

चिंपांझींनाही आयुष्याच्या मध्यावर उदास वाटतं, हे वाचल्यापासून मला फार बरं वाटू लागलं आहे. २०१२ साली काही शास्त्रज्ञांनी ५०८ चिंपांझी आणि ओरांगउटान यांची विचारपूस केली. त्यांना अर्थातच कुणी प्रश्नावली दिली नाही. त्यांची रोज देखभाल करणाऱ्या माणसांना विचारलं, की बाबा, हा हल्ली कसा असतो? खुशीत असतो की तोंड पाडून बसलेला असतो? उत्तरं वयाप्रमाणे मांडली तेव्हा दिसलं ते असं : लहानपणी मजेत, मधल्या वयात मलूल आणि म्हातारपणी पुन्हा बऱ्यापैकी टवटवीत.

आता मी जळगाव जिल्ह्यातला माणूस. आमच्याकडे केळी हा चेष्टेचा विषय नाही. रावेर-यावलकडे मे-जूनच्या वादळात उभी बाग एका रात्रीत आडवी होते, आणि सकाळी तिचा मालक बांधावर उभा राहून नुसता बघत असतो. त्याचं तोंड का पडलंय हे शेंबड्या पोरालाही कळतं. पण ज्यांना पीककर्ज न काढता, ठिबक न अंथरता, बाजारभावाची वाट न बघता केळी आयती हातात मिळतात, ते चिंपांझीही मधल्या वयात कोपऱ्यात तोंड करून बसत असतील, तर दोष सगळाच केळीच्या भावाचा नाही. थोडा वयाचाही आहे.

माणसांचं तेच. डेव्हिड ब्लँचफ्लॉवर नावाच्या अर्थशास्त्रज्ञाने शंभरावर देशांची आकडेवारी चाळली आणि समाधानाचा आलेख काढला. तो तरुणपणापासून खाली उतरत जातो, सत्तेचाळीस-अठ्ठेचाळीसच्या सुमारास तळ गाठतो आणि मग हळूहळू वर चढतो. (अलीकडे याच गृहस्थांचं म्हणणं आहे की बऱ्याच देशांत तरुण मुलंच इतकी नाखूश झाली आहेत, की आलेखाचं डावं टोकही खचलं आहे. अर्थशास्त्रज्ञ आनंदाच्या बातमीवर फार काळ टिकत नाहीत.) मला हा आलेख पटायला शंभर देश लागले नाहीत, आमची कॉलनी पुरली. अठ्ठेचाळीस वर्षांचा गृहस्थ म्हणजे मुलीच्या क्लासची फी, घराचा हप्ता, वडिलांचा मोतीबिंदू, आईचे गुडघे, शेतातल्या बोअरचं आटलेलं पाणी आणि भाच्याच्या लग्नातला आहेर. घरातल्या प्रत्येकाच्या गोळ्यांची वेळ त्याला तोंडपाठ असते. त्याला कुणी विचारलं, ‘तुझं कसं आहे?’ तर म्हणतो, ‘मला काय धाड भरलीय!’

प्रत्येक वयाला आपापला घोर असतो, आणि गंमत अशी की दुसऱ्या वयाला तो हास्यास्पद वाटतो. पहिलीतल्या पोराची पेन्सिल हरवली की त्याचं जग बुडतं, आणि बाप हसतो. बापाचं सोसायटीचं कर्ज थकलं की त्याचं जग बुडतं, आणि ऐंशीची आजी म्हणते, ‘त्यात काय एवढं, आमच्या वेळी तर…’ शिवाय प्रत्येकाला वाटतं, आत्ता आहे तोच मी कायमचा. जॉर्डी क्वाडबाख, डॅनियल गिल्बर्ट आणि टिमथी विल्सन यांनी २०१३ मध्ये एकोणीस हजारांहून जास्त लोकांना विचारलं, की गेल्या दहा वर्षांत तुम्ही किती बदललात आणि येत्या दहा वर्षांत किती बदलाल? सगळ्या वयांच्या लोकांचं उत्तर साधारण एकच : बदललो खूप, आता मात्र बदलणार नाही. धुळ्यात चैत्रात पांझरेकाठी एकवीरा देवीची यात्रा भरते. तशा यात्रांत मशीनने गोंदून देणाऱ्यांचा धंदा याच भरवशावर चालतो. विशीतला पोरगा दंडावर एखादं नाव गोंदवून घेतो. पुढे लग्न भलत्याच नावाशी होतं आणि बिचारा जन्मभर पूर्ण बाहीचा शर्ट घालतो. तोही कुठे, तर खानदेशातल्या मे महिन्यात.

विशीच्या अलीकडचं वय तर अजूनच अवघड. डेव्हिड एल्काइंड या मानसशास्त्रज्ञाने १९६७ मध्ये लिहून ठेवलं की या वयात पोरांना सतत वाटतं, सगळं जग आपल्याकडेच बघतंय. कपाळावर एक पुटकुळी आली की त्यांच्या मते नवीपेठेपासून स्टेशनपर्यंत तीच चर्चा. या बाबतीत आमच्या उन्हाचे उपकार आहेत. एप्रिल लागला की जळगावात सगळेच तोंडाला रुमाल गुंडाळून फिरतात, डोळे तेवढे उघडे. पुटकुळी, मिशीची लव आणि प्रेमभंग, तिन्ही झाकून जातं.

पण रुमाल बांधून शेतावर किंवा मामाच्या गावाला गेलं की पारावरचा आबा गाठतोच. ‘कोणाचा रे तू?’ हा आमच्याकडचा पहिला प्रश्न. नाव कुणी विचारत नाही. पोरगा नाव सांगतो, आबा ऐकून न ऐकल्यासारखं करतो आणि पुन्हा विचारतो, ‘ते राहू दे. कोणाचा?’ बापाचं नाव सांगितलं की आजोबाचं विचारतो. आजोबा सापडले की त्याचा चेहरा खुलतो : ‘हां, म्हणजे तू त्याचा नातू!’ ओळखपत्राचं काम झालं. ‘मी कोण’ या प्रश्नाने पौगंडावस्थेत मुलं हैराण होतात, हा सिद्धांत ज्याने मांडला त्या एरिक एरिक्सनला आपला जन्मदाता बाप कोण हे अखेरपर्यंत कळलं नव्हतं. सावत्र वडिलांचं आडनाव लावून तो वाढला आणि अमेरिकेत गेल्यावर त्याने स्वतःसाठी नवीन आडनाव घेतलं : एरिक्सन, म्हणजे एरिकचा मुलगा. पारावरच्या आबाने ‘कोणाचा?’ विचारलं असतं तर त्याने ‘माझाच’ म्हणून सांगितलं असतं, आणि आबा दिवसभर विचारात पडला असता.

दुसऱ्यांनी दिलेली ओळख कशी चिकटते, याचं उदाहरण जळगावातच घडलं. १९०७ साली इथे महाराष्ट्र कविसंमेलन भरलं. धरणगावचा त्र्यंबक बापूजी ठोंबरे नावाचा सोळा-सतरा वर्षांचा पोरगा उभा राहून कविता म्हणाला, आणि अध्यक्ष डॉक्टर कीर्तिकरांनी त्याला ‘बालकवी’ करून टाकलं. सतराव्या वर्षी ‘बाल’ म्हणवून घेणं म्हणजे काय, हे त्या वयाच्या कुठल्याही मुलाला विचारा. पण नाव चिकटलं ते चिकटलंच. मराठी शाळांतून पिढ्यान् पिढ्या आनंदाची कविता म्हटली की याच्याच कवितेने सुरुवात होते, आणि त्याच माणसाने मराठीतल्या फार गडद उदास कविताही लिहिल्या आहेत. मास्तर पहिली शिकवतात आणि दुसऱ्यांपाशी घाई करतात. हसरा पोरगा आतून हसराच असेल असं धरून चालण्याची आपली खोड जुनी आहे. १९१८ च्या मे महिन्यात भादली स्टेशनवर रेल्वेखाली सापडून बालकवी गेले, तेव्हा त्यांचं वय अठ्ठावीसही नव्हतं. जळगावहून भुसावळकडे जाताना हे स्टेशन लागतं. गाडी तिथे बहुधा थांबत नाही.

असो. आमच्याकडे मनाचा दवाखाना नव्हता तेव्हा काय होतं, याचं माझ्यापुरतं उत्तर आखाजी हे आहे. उभा महाराष्ट्र अक्षय्य तृतीयेला सोनं घेतो. जळगावची सुवर्णपेठही त्या दिवशी फुललेली असते, नाही असं नाही. पण खानदेशात आखाजी म्हणजे मुख्यतः सासुरवाशिणींचा सण. मुऱ्हाळी जाऊन लेकीला घेऊन येतो, गौराई बसते, कडुनिंबाला दोर बांधून झोका टांगतात आणि चार लेकरांची माय पुन्हा सोळा वर्षांची होऊन उंच जाते. झोक्यावर गाणी म्हणायची. गाण्यांत सासूचा, नणंदेचा, नवऱ्याचा उद्धार करायला पूर्ण मुभा. वर्षभर जे दाताखाली दाबून धरलं ते आखाजीला सुरात सोडायचं, आणि सुरात सोडलं की त्याचा कुणी राग धरत नाही. वैशाख असा कडक, की उंबऱ्याबाहेर पाय ठेवला की चटका बसतो. तरी संध्याकाळी निंबाखाली ही गर्दी.

बहिणाबाई चौधरींची आखाजीवर कविता आहे, यात नवल नाही. असोद्याची लेक, जळगावची सून. जन्म १८८०, तेराव्या वर्षी लग्न, तिशीच्या आसपास वैधव्य, पदरात लेकरं, घरात भाऊबंदकी आणि अक्षरओळख शून्य. १९८६ मध्ये टेक्सासमधल्या जेम्स पेनबेकर यांनी कॉलेजच्या मुलांना रोज पंधरा मिनिटं, सलग चार दिवस, मनातलं दुखरं लिहायला लावलं, आणि पुढच्या काही महिन्यांत त्या मुलांच्या दवाखान्यातल्या चकरा कमी झाल्या. फार चांगला प्रयोग. पण बहिणाबाईंना लिहिता येत नव्हतं आणि त्यांच्याकडे रिकामी पंधरा मिनिटंही नव्हती. त्यांच्याकडे जातं होतं, चूल होती, शेत होतं. हात कामात, तोंडात ओवी. मन कसं उभ्या पिकात शिरणाऱ्या ढोरासारखं कितीही हाकललं तरी फिरून येतं, हे त्यांनी ढोरं हाकलता हाकलताच बघितलं असणार. दारात आलेल्या ज्योतिषाला तर त्यांनी कवितेत असं परत पाठवलंय, की माझं नशीब मला कळलंय, तू माझ्या दारी येऊ नकोस. झालेल्या गोष्टीचा अर्थ आपणच लावायचा, भाडोत्री माणसाकडून लावून घ्यायचा नाही, हे शिकवायला आजचे समुपदेशक आठ-दहा बैठका घेतात. ही बाई दाराच्या चौकटीत उभ्या उभ्या सांगून मोकळी झाली. मुलगा सोपानदेव यांनी टिपून ठेवलेली गाणी १९५२ मध्ये, त्या गेल्यानंतर वर्षभरात, आचार्य अत्र्यांच्या प्रस्तावनेसह छापली गेली.

म्हणजे जुन्या बायका सुखी होत्या असं मी मुळीच म्हणत नाही. ज्यांना मुऱ्हाळी आला नाही, त्यांच्या आखाजीचं काय झालं ते कोणत्याच गाण्यात नीट येत नाही. आणि वर्षातून एक झोका पुरे, असं मानणाऱ्या घरांनी झोक्याच्या नावावर बाकीचे तीनशे चौसष्ट दिवस खपवून घेतले.

आखाजीच्याच दिवशी सकाळी घरात वेगळंच काही चाललेलं असतं. नवी कोरी मातीची घागर पाण्याने भरतात, वर डांगर आणि कैरी ठेवतात, आणि घरातल्या गेलेल्या माणसांच्या नावाने नैवेद्य दाखवतात. आमरस, सांजोऱ्या, पुरणाचे मांडे. म्हातारी माणसं या घागरीपाशी निवांत दिसतात. लॉरा कार्स्टेन्सन या मानसशास्त्रज्ञ बाईंनी म्हाताऱ्या माणसांचा बराच अभ्यास केला. त्यांचं म्हणणं, की पुढे वेळ थोडा आहे हे जाणवलं की माणूस गोतावळा छाटतो, मोजकी जिव्हाळ्याची माणसं ठेवतो आणि त्यामुळे पुष्कळदा तरुणांपेक्षा सुखात असतो. आमच्या शेजारच्या माय हे आपणहून करतात. लग्नाची पत्रिका आली की चष्मा लावून नाव वाचतात, मग ‘कोणाचा?’ करतात, आणि तीन पिढ्यांत धागा लागला नाही तर पत्रिका धान्याच्या कोठीवर झाकण म्हणून जाते. ‘माझे गुडघे दुखतात म्हणून सांग.’ ज्या लग्नाला जायचंय तिथे त्याच गुडघ्यांनी हळदीपासून हजर.

तरी म्हातारपण ही शेवटची सुखाची पायरी असं कुणी समजू नये. एरिक्सनने आयुष्याचे आठ टप्पे पाडले होते. आठव्यात माणूस मागे वळून बघतो आणि समाधानाने मान डोलावतो, असं काहीसं. मग नवरा-बायको दोघंही नव्वदीत पोचले, आणि लक्षात आलं की मान डोलावण्याइतपत मानच धड राहिलेली नाही. एरिक्सन १९९४ मध्ये गेला. त्यानंतर १९९७ मध्ये त्याची बायको जोन हिने त्याच्या पुस्तकात नववा टप्पा घातला. नवऱ्याचं राहिलेलं काम बायकोने पुरं केल्याचं हे जगातलं काही पहिलं उदाहरण नाही.

पोरांना कैऱ्या, लेकींना झोका, म्हाताऱ्यांना घागर. राहिला तो आमचा सत्तेचाळीस-अठ्ठेचाळीसचा बाप्या. त्याला आखाजीने काय दिलं? पत्ते. सांगायला लाज वाटते, पण या सणाला खानदेशात गावोगाव पत्त्यांचे डाव बसतात, आणि घरातली बाई ‘आजच्या दिवस’ म्हणून गप्प बसते. सालदाराचं साल आखाजीला सुरू व्हायचं, मालकाचे हिशेब आखाजीला व्हायचे, म्हणजे पैशाचा सगळा घोर ज्याच्या डोक्यावर, त्याला विरंगुळाही पैशाचाच. डावात चार जण गुडघ्याला गुडघा लावून सहा तास बसतात आणि एकमेकांविषयी नवीन काहीही न कळता उठतात.

या वयाच्या पुरुषाला भर चौकात रडू कोसळल्याची आपल्याकडची सर्वांत गाजलेली घटना कुरुक्षेत्रावर घडली. अर्जुन तेव्हा काही पोरसवदा नव्हता. मुलाचं लग्न झालेलं, सून गर्भार. ऐन कामाच्या वेळी तोंडाला कोरड पडली, अंगाला कंप सुटला, हातातलं धनुष्य गळलं आणि मटकन रथात बसला. कोणत्याही डॉक्टरने बघताक्षणी ओळखावीत अशी ही लक्षणं. त्याचं नशीब असं, की ‘मर्दासारखा मर्द, रडतोस काय’ एवढं एकदा बोलून झाल्यावरही सारथी तिथून हलला नाही, सतरा अध्याय बोलत राहिला.

हे सगळं पुन्हा एकदा, तेही अधिक साध्या भाषेत, सांगितलं गेलं ते धुळ्याच्या तुरुंगात. १९३२ सालच्या २१ फेब्रुवारीपासून १९ जूनपर्यंत दर रविवारी विनोबा भावे कैद्यांपुढे गीतेच्या एकेका अध्यायावर बोलले. अठरा रविवार, अठरा अध्याय. ऐकणाऱ्यांत जमनालाल बजाज होते, आणि अमळनेरच्या शाळेतली मास्तरकी सोडून सत्याग्रहात उतरलेले साने गुरुजी भराभर टिपून घेत होते. त्यातूनच ‘गीता प्रवचने’ हे पुस्तक झालं. मला त्यातल्या तत्त्वज्ञानाइतकंच तारखांचं कौतुक वाटतं. एप्रिल, मे आणि अर्धा जून, धुळे, तुरुंगाच्या भिंती, आणि विषय काय तर स्थितप्रज्ञ! धुळ्याच्या मे महिन्यात पंख्याखाली बसून जो शेजाऱ्यावर खेकसत नाही, तो निम्मा स्थितप्रज्ञ समजायला माझी हरकत नाही. पण त्या कैद्यांना एक गोष्ट मिळाली होती जी बाहेरच्यांना मिळत नाही : आठवड्यातून एक ठरलेला दिवस, उठून जायला कुठे नाही, आणि समोर एक माणूस जो माणसाच्या घाबरण्यापासून बोलायला सुरुवात करतो.

बाहेरच्यांनी तशी एक जागा आपली आपण शोधली आहे, आणि तिला कुणी मानसशास्त्र म्हणत नाही, भरीत पार्टी म्हणतात. थंडी पडली, बामणोद-भालोदकडची हिरवी-पांढरी वांगी बाजारात आली, की शेतात पऱ्हाट्यांचा जाळ करून भरीत होतं. कुणी वांगी उलटीपालटी करतो, कुणी लसूण सोलतो, कुणी कांद्याची पात चिरतो, एक जण लाकडी बडगीत मिरची आणि वांगं मुसळीने ठेचत असतो. कुणीही कुणाच्या तोंडाकडे बघत नसतो, सगळे जाळाकडे बघत असतात. पुरुषांना बोलतं करायचं असेल तर त्यांना समोरासमोर बसवू नये, शेजारी शेजारी बसवून हातात काहीतरी काम द्यावं, असं माझं मत आहे. अशाच एका रात्री, वर्षभर ‘एकदम मजेत’ असणारा आमचा एक दोस्त वांग्याची जळकी साल काढता काढता म्हणाला, ‘झोप नाही लागत भो अलीकडे.’

ठेचणाऱ्याने मुसळी थांबवली नाही. ‘किती वाजता उघडतो डोळा?’

‘तीन.’

‘मला साडेतीनला. फोन करत जाय ना मंग.’

तिसरा म्हणाला, ‘मीठ कमी पडलं.’ आणि कळण्याच्या पुऱ्या आल्या. पुढे ते दोघं खरंच पहाटे फोनवर बोलू लागले. बायकांना आधी भलताच संशय आला.

पहाटे तीनला उचलला जाणारा एक सरकारी फोनही आहे. टेली-मानस, नंबर १४४१६, ऑक्टोबर २०२२ पासून सुरू, फुकट, चोवीस तास, मराठीतसुद्धा. मी दोस्ताला तो लिहून दिला. त्याने घडी घालून खिशात ठेवला आणि म्हणाला, ‘अनोळखी माणसाला एकदम कसं सांगावं? आधी जेवण झालं का विचारावं लागेल ना.’ शेवटी महिनाभराने स्वतःच म्हणाला, डॉक्टरला दाखवू, पण जळगावात नको. इथे त्या दवाखान्याच्या पायरीवर कुणी बघितलं तर पोरीच्या सोयरिकीला अडचण. धुळ्याला जाऊ.

पौष महिना होता. आम्ही सकाळच्या एसटीने निघालो, पारोळ्याच्या स्टँडवर चहाला उतरलो, तर समोरून धुळ्याकडून आलेल्या गाडीतून त्याचे मावससाडू उतरले, बरोबर त्यांचा थोरला मुलगा. दोस्ताच्या आणि साडूंच्या, दोघांच्याही हातात फाइल, दोघांनीही ती एकाच वेळी पाठीमागे नेली.

‘काय पाव्हणं, कुठे?’

‘लग्नाला,’ आमचा दोस्त म्हणाला. ‘धुळ्याला. तुम्ही?’

‘आम्ही पण लग्नाला. जळगावला.’

पौषात मुहूर्त नसतात, हे चौघांनाही माहीत होतं. साडू थोडा वेळ चहाच्या कपात बघत राहिले आणि मग म्हणाले, ‘तुमचा नवरदेव कसा आहे? चांगला आहे का? म्हणजे फी काय घेतो?’